कागदाचा मान

नगरपालिका म्हटली म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर काय उभें राहतें? नळ, गटारें, रस्त्यावरचे दिवे, जन्ममृत्यूची नोंद, आणि वर्षाअखेर दाराशीं येणारें घरपट्टीचें बिल. या गोष्टी क्षुल्लक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांवाचून गांव एक दिवसही नीट चालणार नाहीं. परंतु एखाद्या नगरपालिकेनें ‘कागदावर काढलेलें उत्तम चित्र आम्हांस दाखवा; आम्ही त्यास बक्षीस देऊं, आणि तें चित्र गांवाच्या मालकीचें म्हणून जपून ठेवूं’, असें जाहीर केलें, तर पुष्कळांना त्याचें नवल वाटेल. कांहीं हंसतीलही. ऑस्ट्रेलियांत सिडनी शहराच्या दक्षिणेस असें एक स्थानिक कौन्सिल आहे कीं, जें इ. स. २००१ पासून साधारणतः दर दोन वर्षांनीं असेंच बक्षीस देत आलें आहे. त्या बक्षिसाची हकीकत सांगावी, आणि तिजवरून विद्यार्थी, पालक व आम्ही शिक्षक अशा तिघांनींही काय शिकण्याजोगें आहे तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

देणगी आणि दालन

या कौन्सिलचें नांव सदरलंड शायर. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस इ. स. १८७९ मध्यें राखून ठेवलेलें विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान, अशा प्रदेशाचा कारभार तें पाहतें. रस्ते, कचरा, बागा, वाचनालयें हींच त्याचीं नित्याचीं कामें. त्याच्या हद्दींत गायमिया नांवाचें उपनगर आहे. त्या बाजूस उगवणाऱ्या, दोन पुरुषांहून उंच दांड्याच्या टोंकास तांबड्या फुलांचा गुच्छ धरणाऱ्या एका वनस्पतीवरून हें नांव पडलें. तेथें बेन व हेझल ब्रॉडहर्स्ट या दांपत्याचें घर व बाग होती. आपली ही मालमत्ता पुढें सर्व लोकांच्या उपयोगीं पडावी अशा इच्छेनें त्यांनीं ती कौन्सिलच्या हवालीं केली. पत्नीचें नांव हेझल आणि आडनांवाचा उत्तरार्ध हर्स्ट, हे दोन जोडून त्या जागेचें ‘हेझलहर्स्ट’ हें नांव झालें. इ. स. २००० मध्यें कौन्सिलनें तेथें कलादालन उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं कागदावरील कलाकृतींसाठीं बक्षीस ठेवलें.

‘कागदावरील कलाकृति’ या शब्दांत किती प्रकार सामावतात हें आधीं सांगितलें पाहिजे. पेन्सिल, कोळसा किंवा शाई यांनीं काढलेलीं रेखाचित्रें त्यांत येतात. जलरंगांचीं चित्रें येतात. लांकडाचा ठोकळा, तांब्याचा पत्रा किंवा गुळगुळीत दगड यांवरून छापलेलीं चित्रें येतात. याखेरीज कागद कापून, घडी घालून, किंवा त्याच्या लगद्यालाच आकार देऊन केलेल्या वस्तूही येतात. चित्र जुन्या धाटणीचें असो कीं नव्या, कागद हा त्याचा आधार असला पाहिजे, हीच काय ती मुख्य अट.

बक्षिसाची रीत

असल्या स्पर्धांची सामान्य रीत अशी असते. ठरलेल्या मुदतींत चित्रकार आपल्या कामाची प्रतिमा व थोडी माहिती पाठवितात. त्यांतून कांहीं निवडक कामें प्रदर्शनासाठीं मागविलीं जातात. मग जाणत्या परीक्षकांनीं मूळ काम समोर ठेवून निर्णय द्यावयाचा असतो. मूळ काम पाहण्याचें महत्त्व मोठें आहे. कारण कागदाचा पोत, रेघेचा दाब, छापतांना पत्र्याची कडा कागदांत रुतून उमटलेली खूण, या गोष्टी प्रतिमेंत दिसत नाहींत. मुख्य बक्षिसाबरोबरच तरुण व नवोदित कलावंतांसाठीं, तसेंच त्या हद्दींत राहणाऱ्या कलावंतांसाठीं निराळीं बक्षिसें हेझलहर्स्टनें ठेवलेलीं आहेत. त्यामुळें दूरच्या नामांकितांनींच सर्व लुटून न्यावें, आणि घरच्या मुलानें टाळ्या वाजवीत बसावें, असें होत नाहीं.

परंतु या रीतींत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. आपल्या शाळेंत बक्षीस मिळालेला मुलगा पेला घेऊन घरीं जातो, आणि त्याचें चित्रही त्याच्याबरोबर घरीं जातें. तेथें तसें नाहीं. मुख्य बक्षिसाची रक्कम चित्रकारास मिळते, आणि चित्र कौन्सिलच्या संग्रहांत जमा होतें. म्हणजे हें बक्षीस एकाच वेळीं गौरवही आहे व खरेदीही आहे. टाळ्यांचा गजर थांबला कीं आपलें काम संपलें, असें बक्षीस देणाऱ्यास म्हणतां येत नाहीं. उलट त्याचें काम त्या दिवशीं सुरू होतें. तो कागद पुढील पन्नास, शंभर वर्षें ओल, ऊन व किडे यांपासून जपण्याचें वचनच त्यानें दिलेलें असतें. ज्याला आपण चांगलें म्हटलें तें जपण्याचा भार आपणच उचलावयाचा, हें या बक्षिसाचें मर्म आहे.

कागद हलका कां मानला गेला?

कोणी विचारील, कागदासाठींच निराळें बक्षीस कशाला? चित्र तें चित्र. याचें उत्तर असें कीं, एका पंक्तीस बसविलें असतां कागदाच्या पानांत नेहमीं कमी वाढलें जातें. सिडनी शहरांतच इ. स. १९२१ पासून व्यक्तिचित्रांसाठीं ‘आर्चिबाल्ड’ नांवाचें बक्षीस दिलें जातें. तें रंगचित्रांचें आहे, आणि त्याच्या निकालाची चर्चा साऱ्या देशांत होते. कागदावरील रेघेच्या वांट्यास एवढा बोलबाला क्वचित् येतो. कापडावरचें तेलचित्र दिवाणखान्यांत, आणि कागदावरचें चित्र फडताळांत, ही जगाची जुनी रीत आहे. तिचीं कारणें चार दिसतात.

पहिलें कारण, कागद स्वस्त. तो जन्मतःच गरीब घरचा आहे. चीन देशांत त्साइ लुन नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यानें इ. स. १०५ च्या सुमारास झाडाची साल, चिंध्या व मासे धरण्याचीं जुनीं जाळीं यांपासून कागद करण्याची रीत बादशहापुढें मांडली, असें इतिहास सांगतो. त्याहून जुने कागदाचे तुकडेही सांपडले आहेत. आपल्या दौलताबादेजवळील कागजीपुऱ्यांत शेंकडों वर्षें हातानें कागद होत आला, तोही टाकाऊ वस्तूंच्या लगद्याचाच. जें चिंध्यांतून आलें त्याला आपण मान कसा द्यावा? परंतु पालकांनीं एक क्षण आपल्याच घरांतील ट्रंक आठवावी. तिच्या तळाशीं, कपड्यांच्या घडीखालीं, कुलपाच्या आंत काय ठेविलेलें असतें? जमिनीचा सातबारा, खरेदीखत, मुलाचा जन्मदाखला. हे सर्व कागदच आहेत. त्यांवर सरकारी शिक्का असला तर कागद मोलाचा, आणि मुलाच्या हातची रेघ असली तर तो रद्दीचा, हा न्याय आम्हांस पटत नाहीं.

दुसरें कारण, कागदावर कच्चें काम करावयाचें आणि पक्कें काम कापडावर, अशी समजूत. पण कच्च्या कामांतच पुष्कळदां कलावंताचें मन उघडें दिसतें. लिओनार्दो दा विंची याच्या हातचीं म्हणून मान्य झालेलीं रंगचित्रें मोजकींच आहेत. त्याच्या रेखाचित्रांचीं व टिपणांचीं पानें मात्र हजारोंनीं मोजावीं लागतात. पाणी कसें वळतें, घोड्याचा पाय कसा उचलतो, मनुष्याच्या हातांतील स्नायु कसे बसविलेले आहेत, हें तो कागदावर विचारीत राहिला. गणितांत नुसतें उत्तर लिहून रीत न दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही पूर्ण गुण देत नाहीं. मग चित्रकाराची ‘रीत’ कमी मोलाची कां मानावी?

तिसरें कारण, छापचित्राच्या प्रती अनेक निघतात. आणि जें पुष्कळांजवळ असतें त्याची किंमत कमी, असें व्यवहार म्हणतो. याविषयीं एक गोष्ट सांगतों. इ. स. १५१५ मध्यें गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांस भेट मिळालेला एक गेंडा गोव्याहून जहाजांत चढविला गेला व लिस्बन शहरीं उतरला. युरोपांत शेंकडों वर्षांत जिवंत गेंडा कोणीं पाहिला नव्हता. त्याचें एक ओबडधोबड रेखाटन व वर्णन जर्मनींतील आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकारापर्यंत पोहोंचलें. ड्यूररनें तो प्राणी स्वतः कधींच पाहिला नाहीं. तरी त्या वर्णनावरून त्यानें चित्र काढलें, तें लांकडाच्या ठोकळ्यावर कोरविलें, आणि त्याच्या प्रती सर्वत्र पसरल्या. चित्रांत चुका आहेत. गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे बसविल्यासारखे दिसतात, आणि मानेवर एक जास्तीचें शिंगही आहे. पण पुढें दोन शतकांहून अधिक काळ युरोपांतील लोकांनीं गेंडा ओळखला तो त्या कागदावरून. एकच प्रत राजवाड्यांत अडकून पडली असती तर हें झालें नसतें. अनेक प्रती निघणें हें छापचित्राचें उणेपण मानण्याचें कारण नाहीं. त्यामुळेंच तें थोड्या पैशांत गरिबाच्याही घरीं जाऊं शकतें. आज चित्रकार अशा मोजक्याच प्रती काढून प्रत्येकीवर पेन्सिलीनें ‘३/२०’ असा आंकडा घालतात; म्हणजे एकंदर वीस प्रतींपैकीं ही तिसरी. त्यांतील प्रत्येक प्रत अस्सलच समजली जाते.

चौथें कारण, कागद टिकत नाहीं. हा आक्षेप खरा आहे आणि खोटाही आहे. चिंध्यांच्या किंवा कापसाच्या तंतूंचा कागद, नीट ठेविला तर, शतकानुशतकें टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लांकडाच्या लगद्यापासून स्वस्त कागद होऊं लागला, तेव्हां दुखणें सुरू झालें. लांकडांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. प्रकाश व हवा लागून तें पिवळें पडतें. शिवाय शाई फुटूं नये म्हणून कागदाला राळ व तुरटी यांची खळ देत. तिच्यामुळें कागदांत हळूहळू आम्लता वाढते, तंतु तुटतात, आणि पान दुमडतांच मोडतें. मुलांनीं याचा प्रयोग घरीं करून पाहावा. वर्तमानपत्राचा एक तुकडा घ्यावा, त्याच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा ठेवावा, आणि आठ दिवस उन्हांत राहूं द्यावा. मग पुठ्ठा उचलून दोन्ही भागांचा रंग ताडून पाहावा. म्हणजे कलादालनांत कागदावरील चित्रांपुढें दिवे मंद कां ठेवतात तें समजेल. तेथें साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश असावा असा दंडक आहे. आपल्याकडील भर दुपारच्या उन्हांत तो एक लाख लक्सपर्यंत जातो. म्हणूनच अशीं चित्रें कांहीं काळ दाखवून पुन्हां अंधाऱ्या, कोरड्या कप्प्यांत विसाव्यास ठेवावीं लागतात.

कागदानें काय राखलें

कागद काय राखूं शकतो याचा एक दाखला याच सदरलंड शायरच्या हद्दींत घडला आहे. इ. स. १७७० च्या एप्रिल महिन्यांत कॅप्टन कुक याचें ‘एन्डेव्हर’ जहाज बॉटनी उपसागरांत आलें, आणि आज ज्यास कर्नेल म्हणतात त्या किनाऱ्यास त्याचे लोक उतरले. जहाजावर सिडनी पार्किन्सन नांवाचा तरुण चित्रकार होता. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं गोळा करून आणलेलीं झाडेंझुडपें कोमेजण्यापूर्वीं कागदावर उतरविणें हें त्याचें काम. नमुने इतके येत कीं, सर्व चित्रें पुरीं करण्यास त्यास सवड मिळेना. मग तो बाह्यरेषा काढी, एखाद्या पानाफुलास रंग देई, आणि बाकीच्या रंगांची नुसती नोंद करून पुढें जाई. परतीच्या प्रवासांत, इ. स. १७७१ च्या जानेवारींत, तो आजारानें समुद्रावरच मरण पावला. परंतु त्याचे कागद लंडनला पोहोंचले. त्याच्या नोंदींवरून इतरांनीं तीं चित्रें पूर्ण केलीं. आज अडीचशें वर्षांनंतरही ते कागद तेथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत आहेत, आणि अभ्यासक त्यांचा उपयोग करतात. मनुष्य गेला, जहाज गेलें, पण पेन्सिलीची रेघ राहिली.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. पार्किन्सन तेथें येण्यापूर्वीं हजारों वर्षें त्या भूमीवर धरावल लोक राहत होते, आणि त्यांनीं वालुकाश्माच्या खडकांवर मासे, देवमासे व मनुष्याकृति कोरून ठेवल्या होत्या. त्यांतील कांहीं आजही पाहावयास मिळतात. त्या जहाजाच्या येण्यानें पुढें त्या लोकांवर मोठे दुःखाचे दिवस आले. तेव्हां कागद आला आणि कला आली, असा अर्थ कोणीं काढूं नये. कला तेथें होतीच. तिला एक नवा आधार मिळाला, एवढेंच.

असेंच आपल्या महाराष्ट्रांतही घडलें आहे. वारली लोकांच्या घरीं लग्नाच्या वेळीं स्त्रिया भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहीत. पावसाळे जात, भिंत पुन्हां सारवली जाई, आणि चित्र नाहींसें होई. इ. स. १९७० नंतरच्या काळांत ही कला कागदावर येऊं लागली, आणि डहाणूकडील जिव्या सोमा म्हशे यांनीं तीच आपल्या आयुष्याचें काम केली. त्यांचीं चित्रें देशोदेशीं गेलीं, इ. स. २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली, इ. स. २०१८ मध्यें ते वारले. भिंत गांव सोडून जाऊं शकत नाहीं; कागद जाऊं शकतो. कागद मिळाला नसता तर त्या पाड्याबाहेरच्या किती लोकांनीं त्यांचा हात पाहिला असता?

एक आक्षेप

आतां पालकांच्या मनांत आलेला प्रश्न आम्ही ओळखतों. लोकांनीं कर भरावा तो रस्त्यासाठीं. कौन्सिलनें त्यांतून चित्रें विकत घ्यावीं हें योग्य आहे काय? प्रश्न रास्त आहे. ज्या गांवीं पिण्याचें पाणी नाहीं त्या गांवानें आधीं विहीर खणावी, यांत वाद नाहीं. परंतु पाणी मिळालें, दिवे लागले, रस्ता झाला, म्हणजे मग पुढें काय? मनुष्य नुसता रस्त्यानें चालण्यासाठीं जगत नाहीं; तो कोठें तरी पोहोंचण्यासाठीं चालतो. रस्ता दहा वर्षांत पुन्हां करावा लागतो, आणि तो केल्याबद्दल आपण कुरकुर करीत नाहीं. पन्नास वर्षांनीं एखाद्या मुलीनें दालनांत उभें राहून ‘आमच्या गांवांत असें काम होऊन गेलें’ म्हणावें, यासाठीं थोडी रक्कम खर्च झाली, तर ती वायां गेली असें कसें म्हणावें? शिवाय कागदावरचें काम मोठ्या तेलचित्रांच्या मानानें सहसा कमी किंमतींत मिळतें व कमी जागेंत राहतें. फार मोठा खजिना नसलेल्या संस्थेसही असा संग्रह हळूहळू उभा करतां येतो.

परीक्षक चुकणार नाहींत काय? चुकतील. आज गाजलेलें काम उद्यां सामान्य वाटेल, आणि नाकारलेल्यांतून एखादा मोठा कलावंत निघेल. निवड करणें मनुष्याच्या हातीं आहे तोंवर चूक होणारच. पण पाहून झालेली चूक निराळी, आणि न पाहतां, केवळ कागद हलका म्हणून दूर सारणें निराळें. ही दुसरी चूक आमच्या हातून घडलेली आहे, आणि ती येथें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

आमची एक चूक

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही तेव्हां जेथें शिकवीत होतों त्या शाळेच्या वार्षिक चित्रप्रदर्शनाची व्यवस्था आमच्याकडे होती. पांढऱ्या ड्रॉइंगच्या कागदावर काढलेलींच चित्रें घ्यावीं, असा नियम आम्हींच लिहून फळ्यावर लावला होता. आठवींतील एका मुलानें सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा तपकिरी कागद आणला. त्याचे वडील गवंड्याच्या हाताखालीं काम करीत. त्या कागदावर त्यानें चुलींतल्या कोळशानें आपली आजी काढली होती. ती सूप घेऊन तांदूळ पाखडीत बसली होती. चित्र चांगलें आहे हें आम्हांस तेव्हांही कळलें. पण ‘कागद नियमांत बसत नाहीं’ असें म्हणून आम्हीं तें बाजूस ठेविलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढें तें गुंडाळून, सुतळी बांधून, आम्हींच कपाटावर टाकलें आणि विसरून गेलों.

पुढच्या वर्षीं पावसाळा सरल्यावर त्याचे वडील शाळेंत आले. दाराशींच उभे राहून म्हणाले, “सर, पोरानं आमच्या म्हातारीचं चित्र काढलं होतं म्हणे. ती गेली आता. फोटो आहे तो कार्डावरचा. त्यात ती आमची वाटत नाही. तेवढं चित्र मिळालं तर बघा.”

आम्हीं कपाटावरून गुंडाळी काढली. कौलांतून गळलेलें पाणी तिच्यावर पडलें होतें, आणि कसरीनें बाकीचें काम केलें होतें. चेहरा गेला होता. खालच्या कोंपऱ्यांत सूप धरलेला हात तेवढा शाबूत होता. आम्हांस काय बोलावें सुचेना. त्यांनीं तो कागद उजेडांत धरला, पुष्कळ वेळ पाहिला, आणि “हात तिचाच आहे,” एवढेंच म्हणाले. मग दोन्ही हातांवर आडवा धरून ते तो घेऊन गेले.

त्या दिवशीं त्यांनीं आम्हांस एक शब्दही लावला नाहीं. लावला असता तर बरें झालें असतें. तो नियम आम्हीं पुढच्या प्रदर्शनापूर्वीं खोडला, आणि वर्गांत चित्रें आडवीं ठेवण्यासाठीं एक सपाट पेटी करून घेतली. पण गेलेला चेहरा कोणत्याही पेटींतून परत निघत नाहीं. दूरदेशींचें एक कौन्सिल ‘कागद असला कीं पुरे’ म्हणून चित्रें मागवितें व तीं जपून ठेवतें, हें वाचलें तेव्हां त्या तपकिरी कागदाची आम्हांस आठवण झाली, आणि या लेखाचा विषय ठरला.

आतां आपण काय करावें

प्रत्येक गांवीं असें बक्षीस ठेवणें आपल्या हातीं नाहीं. परंतु बक्षिसाचा जो अर्धा भाग जपण्याचा आहे, तो प्रत्येक घरास करतां येण्याजोगा आहे. त्यासाठीं कांहीं साध्या गोष्टी सांगतों.

चित्राच्या पाठीमागें, कोंपऱ्यांत, नांव, इयत्ता व तारीख हलक्या हातानें पेन्सिलीनें लिहावी. शाई आरपार उतरते. चित्र गुंडाळूं नये, घडी घालूं नये, आडवें ठेवावें. कोळशाच्या किंवा खडूच्या चित्रावर कोरा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे तें पुसलें जाणार नाहीं. वर्तमानपत्रांत चित्र गुंडाळून ठेवूं नये. त्याची आम्लता चित्रास लागते. चिकटपट्टी लावूं नये. ती कांहीं वर्षांनीं निघते, पण पिवळा डाग मागें ठेवते. प्लॅस्टिकच्या पातळ थरांत कायमचें बंद करून घेण्याची जी आज चाल आहे तीही चित्रांस बरी नव्हे. एकदां तें केलें कीं कागद पुन्हां मोकळा करतां येत नाहीं. चित्र भिंतीवर लावावयाचें तर पावसाची झोड लागणाऱ्या भिंतीवर किंवा खिडकीच्या उन्हासमोर लावूं नये. दिवाळीच्या साफसफाईंत सर्व चित्रें एकदां बाहेर काढून सावलींत वारा द्यावा, कसर लागली आहे कीं काय तें पाहावें, आणि पुन्हां ठेवून द्यावीं.

पालकांस आमची एवढीच विनंती कीं, रद्दी घालण्यापूर्वीं एकदां पानें उलटून पाहावीं. वर्षाअखेर मुलाच्या वह्या वजनावर जातात. त्यांच्या मागच्या पानावर कधीं कधीं घरांतील कोणाचा तरी हात, पाठ, किंवा चुलीपुढें बसण्याची ढब उतरलेली असते. सर्व कांहीं ठेवावें असें नाहीं, निवडावें. वर्षाकांठीं दोन कागद ठेविले तरी शाळा सुटेपर्यंत वीस होतील, आणि ते एका पातळ पुठ्ठ्यांत मावतील.

आणि विद्यार्थ्यांनो, चांगला कागद नाहीं म्हणून हात आखडूं नका. जो मिळेल त्यावर काढा, आणि काढलेलें आमच्याकडे घेऊन या. या वेळीं कागद कोणता आहे हें आम्ही शेवटीं पाहूं.